बाळाजवळ जागणाऱ्या दुसऱ्या आईविषयी: पुण्यातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतिगृहांतील परिचारिका यांस,

विषय: समलिंगी जोडप्यांतील, बाळंत न झालेल्या पालकाच्या शरीराची आणि मनाची दखल घेण्याबाबत.

स. न. वि. वि.

अडीच महिन्यांपूर्वी या शहरातल्या एका प्रसूतिगृहात माझ्या जोडीदाराचे सिझेरियन झाले. मी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उभी होते. समोरून बटणे असलेला सुती सदरा मी त्या दिवशी मुद्दाम घातला होता, कारण जन्मल्याबरोबर बाळाला उघड्या छातीशी धरायचे, आणि आईला टाके घालत असतील तर ते काम मी करायचे, असे आम्ही दोघींनी महिनाभर आधी ठरवून ठेवले होते. दार उघडले, परिचारिकाबाईंनी विचारले, "बाळाचे वडील कुठायत?" मी म्हटले, "वडील नाहीत, मी आहे." "मावशी का तुम्ही?" वाद घालायला त्या क्षणी जीव नव्हता, म्हणून मी मान हलवली. मग "आजी कोण आहेत?" असे विचारून त्यांनी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी दोन मिनिटे आजीच्या हातात दिली आणि परत नेली. दोन किलो तीनशे ग्रॅमची ती पोर पुढचे दोन तास वॉर्मरखाली एकटी होती, आणि मी बटणे लावलेला सदरा घालून बाकावर बसून होते.

त्या परिचारिकाबाईंवर माझा राग नाही. त्यांच्या हातातल्या कागदावर आई, वडील आणि नातेवाईक एवढेच रकाने होते आणि त्यांनी मला त्यातल्या त्यात जवळच्या रकान्यात बसवले. हे पत्र त्या रकान्यांमागे असलेल्या एका समजुतीविषयी आहे. जिच्या पोटात बाळ वाढले तिचेच शरीर आई होण्यासाठी तयार होते, बाकीचे सगळे मदतीला, अशी ती समजूत. मी एका महाविद्यालयात चौदा वर्षे प्राणिशास्त्र शिकवते आहे आणि यातली बरीच वर्षे मीही ती फळ्यावर काढून दाखवली आहे, हे आधी कबूल करते.

फळ्यावरची ती आकृती चुकीची नाही. गर्भारपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके चढत जातात, वार पडली की एकदम कोसळतात, प्रोजेस्टेरॉनचा अडसर दूर झाल्यावर प्रोलॅक्टिनचे चालू लागते आणि दूध तयार होते. बाळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन स्रवते, दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि पान्हा फुटतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भारपणाआधी आणि नंतर स्त्रियांच्या मेंदूची चित्रे घेतली गेली, तेव्हा करड्या द्रव्यात झालेले बदल दोन वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसले. गर्भारपण शरीराला आतून बदलते याविषयी माझा वाद नाही, आणि माझ्या जोडीदाराने ज्या नऊ महिन्यांतून वाट काढली त्यांची बरोबरी मला करायची नाही. आकृतीत बाण एकाच दिशेचे असतात, संप्रेरकांकडून मायेकडे, एवढेच मला खटकते. उलट दिशेचा बाण आपण काढतच नाही.

तो बाण विज्ञानाला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. १९६७ साली रोझेनब्लाट या संशोधकाने ज्यांना कधी पिल्ले झालेली नव्हती अशा उंदीर-माद्यांच्या पिंजऱ्यात दुसऱ्या मादीची पिल्ले ठेवली. पहिले काही दिवस त्या पिल्लांपासून लांब राहिल्या. आठवडाभराच्या आत त्या घरटे करू लागल्या, पिल्लांना तोंडात धरून आणू लागल्या, चाटू लागल्या. अंडाशय काढलेल्या माद्यांनीही तेच केले, आणि नरांनीसुद्धा. गर्भारपणाच्या संप्रेरकांनी हे वागणे लवकर सुरू होते, पण त्यांच्यावाचून अडत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या गोठ्यात हे सांगायला उंदीर लागत नाहीत. वासरू दगावलेली गाय पान्हा चोरते तेव्हा तिच्यासमोर कातड्यात पेंढा भरलेले वासरू उभे करायची रीत जुनी आहे. ते चाटता चाटता ती पान्हवते. (ऑक्सिटोसिनचे नाव न ऐकलेल्या शेतकऱ्यालाही 'पान्ह्याचे इंजेक्शन' माहीत असते, आणि त्याचा दुरुपयोगही.)

माणसांविषयीचे पुरावे आपण वाचले असतीलच, तरी दोन-तीन गोष्टी मांडते. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरातल्या ६२४ तरुणांवरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात जे पुरुष अभ्यासाच्या काळात बाप झाले त्यांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लक्षणीय उतरले होते, आणि रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचे करणाऱ्या बापांत ते, मुलाचे काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होते. त्याच्या आदल्या वर्षी इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने ८० जोडप्यांच्या रक्तातले ऑक्सिटोसिन बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत दोनदा मोजले, तेव्हा आई आणि बाप यांच्या पातळीत फरक आढळला नाही; फरक होता तो ते बाळाशी कसे वागतात यात. आई कुरवाळते, बाप उचलून नाचवतो, आणि ज्याच्या-त्याच्या त्या वागण्याशी त्याचे-तिचे ऑक्सिटोसिन जुळत होते.

माझ्या दृष्टीने यातले सर्वांत मोलाचे काम त्याच गटाचे, २०१४ चे. पहिल्यांदाच पालक झालेल्या ८९ जणांच्या मेंदूची, स्वतःच्या बाळाचे चित्रण पाहत असताना, तपासणी केली गेली. त्यांत मुख्यतः बाळाचे करणाऱ्या आया होत्या, त्यांना हातभार लावणारे बाप होते, आणि आईविना बाळ वाढवणारे ४८ समलिंगी बाप होते. आयांत मेंदूच्या तळाचा, भीती आणि सावधपणाशी निगडित असलेला अमिग्डला अधिक जागा झाला. हातभार लावणाऱ्या बापांत कानशिलाच्या आतला, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातले ओळखणारा भाग. बाळाचे सगळे स्वतः करणाऱ्या समलिंगी बापांत दोन्ही भाग जागे होते, शिवाय त्यांच्यातली जोडणीही घट्ट होती, आणि बापाचा जितका वेळ प्रत्यक्ष बाळाचे करण्यात जात होता तितकी ती जोडणी अधिक होती. रात्री दोन वाजता पोर कण्हल्याबरोबर ताडकन उठणे, ज्याला आपण आईची झोप म्हणतो, ती या बापांना लंगोट बदलता बदलता आली होती.

इथे एक सावधगिरी. ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचे संप्रेरक' म्हणून वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी जे चढवून ठेवले आहे त्यात मला पडायचे नाही. रक्तातल्या पातळीवरून मेंदूत काय चालले आहे हे थेट कळत नाही, आणि माया रक्तचाचणीत मोजता येत नाही. ज्याचे टेस्टोस्टेरॉन उतरले नाही तो बाप खोटा आणि जिला दूध आले नाही ती आई अर्धी, असा अर्थ कुणी काढला तर मी हे पत्र लिहून नुकसानच केले म्हणायचे. बाळाजवळ वेळ घालवणाऱ्या माणसाचे शरीर त्या वेळाला उत्तर देते, एवढेच मला म्हणायचे आहे. म्हणून पहिल्या तासापासून तो वेळ कोणाला मिळतो आणि कोणाला बाकावर बसवले जाते, हा वैद्यकीय प्रश्न ठरतो.

आता दुधाचे. बाळंतपणाच्या पाच महिने आधी मी एका डॉक्टरांकडे गेले आणि मलाही दूध आणता येईल का, असे विचारले. त्यांनी हसून म्हटले, "कशाला? तिला येईलच की." हे उत्तर वाईट हेतूने दिलेले नव्हते, पण ते उत्तर नव्हते. बाळ न होता दूध आणण्याची पद्धत दत्तक घेणाऱ्या आयांसाठी बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे आणि तिचे तर्कशास्त्र आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे: काही महिने इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन स्तनांना गर्भारपणाचा भास करून द्यायचा, मग त्या थांबवून वार पडल्याचा, आणि पुढे दर तीन तासांनी पंपाने ओढत राहायचे. सोबत असते डोम्पेरिडोन, जी गोळी आपण उलट्यांवर सर्रास लिहून देता. ती डोपामाइनचा लगाम सैल करते आणि पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढते. तिने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी काढून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यायची. नेमके यासाठीच मी डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी "कशाला" म्हटल्यावर एखादी बाई घरीच यूट्यूब पाहून गोळ्या घेऊ लागली, तर चूक तिची एकटीची धरता येईल का?

पुढे मला एक समजूतदार डॉक्टर आणि स्तनपानाच्या समुपदेशक भेटल्या. सत्तेचाळिसाव्या दिवशी पहाटे, स्वयंपाकघरातला दिवा न लावता पंप लावून बसले असताना, काचेसारख्या त्या नरसाळ्याच्या कडेला पिवळसर थेंब दिसला. तो नरसाळ्यातून बाटलीत उतरलादेखील नाही, कडेलाच सुकला. आज दिवसाकाठी साठ-सत्तर मिलिलिटर निघते. मुलीचे पोट त्याने भरत नाही, ते तिच्या आईच्या दुधाने भरते. पहिला चीक आईचाच असावा, तिचे दूध नीट बसेपर्यंत मी मध्ये येऊ नये, हेही समुपदेशकबाईंनी आधीच बजावले होते आणि ते मी पाळले. पण रात्रीची एक पाळी माझी असते आणि सिझेरियनचे टाके सोसणारी बाई तेवढे चार तास सलग झोपते. प्रसूतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ही झोप औषध म्हणूनच धरली जाईल.

हे सगळे परक्या देशातून आलेले खूळ आहे असे कुणाला वाटत असेल, तर सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत जाऊन यावे. पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना, सईबाई आजारी असल्यामुळे, दूध पाजले ते कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी. त्या स्वतः लेकुरवाळ्या होत्या, त्यामुळे त्यांना गोळ्या लागल्या नाहीत. पण एका लेकराला दोन आया असू शकतात आणि दुसरीला मानाने 'दूधआई' म्हणता येते, हे मराठी मुलखाला साडेतीनशे वर्षांपूर्वी अवघड गेले नव्हते.

एका गोष्टीविषयी मला अधिक काळजीने लिहायचे आहे. चौथ्या आठवड्यात मी न्हाणीघरात नळ सोडून रडू लागले. कारण सांगता येत नव्हते. बाळंतिणीला तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिला, बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी असलेल्या एडिंबरो प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारले. हसू येते का, विनाकारण स्वतःला दोष देता का, झोप लागत नाही इतके उदास वाटते का. मी शेजारच्या खुर्चीत मुलीला मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक प्रश्नाला मनात उत्तर देत होते. दहाव्या प्रश्नापर्यंत माझी बेरीज तिच्यापेक्षा बरीच जास्त झाली होती. मला कुणी विचारले नाही, कारण वार माझी पडली नव्हती. मात्र अपुरी झोप, गोळ्या थांबवल्यावर उतरलेली संप्रेरके, माहेरच्यांनी फोन न उचलणे आणि "तुम्ही कोण?" हा प्रश्न आठवड्यातून चारदा ऐकणे, हे सगळे माझ्या वाट्याला होते. गर्भ न वाहणाऱ्या बापांतही नैराश्य येते. २०१० साली ४३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात त्याचे प्रमाण सुमारे दहा टक्के आढळले. मग बाळंत न झालेल्या आईला ते येणारच नाही असे कोणत्या शास्त्राच्या आधारे धरायचे? मी सध्या उपचार घेते आहे आणि बरी आहे.

माझ्या आईऐवजी माझ्या जोडीदाराची आई साताऱ्याहून आली. शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळे तिने लेकीसाठी केले. मालिश करणाऱ्या मावशींनी तिसऱ्या दिवशी तिला विचारले, "ही दुसरी रात्रभर जागते, हिला नाही होय लाडू?" त्या दिवसापासून दोन ताटल्या येतात. मावशींनी एकही संशोधन वाचलेले नाही.

कायद्याची आडकाठी मला माहीत आहे आणि ती आपण दूर करावी असे मी म्हणत नाही. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने २१ ते ५० वयाच्या एकट्या स्त्रीला उपचार घेता येतात, पण जोडपे म्हणून विवाहित स्त्री-पुरुषच गणले जातात. म्हणून आमच्या सगळ्या कागदांवर माझी जोडीदार 'एकटी' आहे. पुरुषांचे आणखी कठीण. सरोगसीचा कायदा त्यांना दारातही उभे करत नाही. दत्तक घ्यायचे तर दोघांपैकी एकाने, एकटा म्हणून, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. समलिंगी विवाहाविषयीच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी जोडपे म्हणून दत्तक घेण्याचा हक्क नाकारला, दोघांनी मान्य केला होता. पुढच्या वर्षी केंद्राने राज्यांना कळवले की शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच घरातले मानावे. म्हणजे गहू-तांदूळ घेताना आम्ही कुटुंब आणि प्रसूतिगृहात मी मावशी. २०२५ च्या जूनमध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका पारलिंगी जोडप्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांऐवजी 'पालक' असे लिहायला सांगितले. तो दाखला त्या एका घराचा आहे, आमच्या महापालिकेचा नाही.

पण आपल्या हातात असलेल्या बऱ्याच गोष्टींना कायदा आड येत नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कमी वजनाच्या बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी धरण्याचे काम आईखेरीज घरातले दुसरे माणूसही करू शकते. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात सिझेरियननंतर बापाच्या उघड्या छातीवर ठेवलेली बाळे, पाळण्यात ठेवलेल्या बाळांपेक्षा कमी रडली आणि लवकर शांत झाली. आपल्या थिएटरबाहेर बटणे सोडून उभ्या असलेल्या माणसाला "तुम्ही कोण?" असे विचारण्याऐवजी बाळंतिणीला आधीच, नाव नोंदवतानाच, "बाळ पहिल्यांदा कोणाकडे द्यायचे?" असे विचारून ठेवता येईल. नवरा आखातात असलेल्या बाईलाही त्याचा उपयोग होईल, विधवेलाही. दहा प्रश्नांची एक प्रत शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला देता येईल. दूध आणण्याविषयी कुणी विचारले तर हसण्याआधी ईसीजी लिहून देता येईल, किंवा ज्यांना हे येते त्यांच्याकडे पाठवता येईल. आणि दत्तक मुलगा घेऊन दोन पुरुष आपल्या बालरोग दवाखान्यात आले तर "आई कुठे आहे?" हा प्रश्न गिळता येईल, कारण रात्री कोण उठते हे त्या दोघांच्या डोळ्यांखाली लिहिलेले असते.

याच पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा आपला केला. त्या यशवंताच्या वेळी कुणी संप्रेरके मोजली नाहीत. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांत सावित्रीबाईंची तसबीर असते, म्हणून हे आठवले.

मी नाव देत नाही याबद्दल क्षमा असावी. माझ्या जोडीदाराच्या नोकरीच्या ठिकाणी अजून हे सांगितलेले नाही. येत्या मंगळवारी मुलीची दहा आठवड्यांची लस आहे. लसीकरणाच्या कार्डावर आईच्या नावाखाली वडिलांच्या नावाची ओळ आहे आणि गेल्या खेपेला स्वागतकक्षातल्या मुलीने तिच्यापुढे निळ्या पेनाने आडवी रेघ ओढली. सुई टोचताना पोरीला मी धरते, कारण तिच्या आईला ते बघवत नाही. त्या रेघेच्या जागी काय लिहायचे, हे मंगळवारी मला विचारले गेले तर माझ्याकडे उत्तर तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक दूधआई
कोथरूड, पुणे